शिट्टी त्याच्याच गळ्यात होती

पोरींनी त्याला सोडलं नाही.

तो लाल मातीत पालथा पडला होता आणि त्याच्या अंगावर सात पोरी होत्या. एकीनं कंबर आवळलेली, दोघींनी मांड्या धरलेल्या, बाकीच्या पाठीवर. सगळ्यांत खाली माझी नात सायली, त्याचा डावा घोटा दोन्ही हातांनी छातीशी घेऊन. त्याचा उजवा हात मधल्या रेघेकडे पसरला होता. रेघ वीतभर लांब होती. बोटं मातीत रुतली होती, पण पुढे सरकत नव्हती.

मी मैदानाच्या कडेला दगडावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. तो पडला तेव्हा माझं लक्ष परत शेंगांकडे गेलं होतं. मला दिसलं काही नाही, आवाज बंद झाला म्हणून मान वर केली. त्याचं "कबड्डी कबड्डी" थांबलं होतं.

"सोडा गो त्यांना!" मी ओरडले.

एकीनंही वळून पाहिलं नाही.

"सोडा! दम बंद झालाय त्यांचा!"

"सोंग हाय आजी," वरची एक पोरगी म्हणाली. ती हसत होती. "सरांचं नेहमीचंच हाय."

आणि ते खरंच नेहमीचं होतं. दर रविवारी तो असाच पडायचा. विव्हळायचा, डोळे फिरवायचा, मेल्यासारखा पडून राहायचा, आणि पोरींचा हात जरा सैल झाला की सापासारखा सरपटत जाऊन रेघ शिवायचा. मग उठून कपडे झटकायचा आणि म्हणायचा, "दया आली? मग घरी जा आणि भाकऱ्या भाजा."

मी इथे त्याला अरेतुरे लिहिते आहे. तोंडावर कधी केलं नाही. तोंडावर मी त्याला "अहो भाडेकरू" म्हणायची आणि तो मला "मालकीण". रोह्याजवळच्या वरसे गावात, म्हणजे वरश्यात, माझ्या घराची मागची खोली त्याच्याकडे होती. पोरींचा तो सर, गावाचा कोच, आणि रोह्यातल्या जुन्या बाप्यांचा सोंगाड्या. सोंगाड्या हे नाव त्याला मिळालं तेव्हा मी तिथे होते.

लग्न होऊन वरश्यात आले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. रोह्यात सामने होते आणि शेवटचा सामना पेणच्या संघाशी होता. आम्ही बाया कुंपणाच्या मागे उभ्या राहून बघत होतो, कारण पुढे जाऊन बसायची तेव्हा रीत नव्हती. हा पेणकडून खेळत होता. पेणातल्या रामवाडीचा पोरगा, काळा, काटकुळा, अर्धी चड्डी नाडीनं घट्ट बांधलेली. बाप गणपतीच्या कारखान्यात कामाला. हा लहानपणी तिथे पायांनी माती तुडवायचा. पुढे तो पोरींना सांगायचा, "माझे घोटे शाडूत घडलेत, तुमचे बिस्किटात घडलेत."

तेव्हा आताच्यासारखं तीस सेकंदांचं घड्याळ नव्हतं. दम टिकेल तोवर चढाई. ह्याचा दम असा, की रोह्याचे गडी नुसते मागे मागे सरत त्याच्या दमाची वाट बघायचे आणि कंटाळून कोणीतरी पुढे यायचा. पण त्या सामन्यात रोह्याच्या चौघांनी ह्याला धरला. अगदी मधोमध. धरल्याबरोबर हा लाकडासारखा ताठ झाला, डोळे पांढरे केले, तोंडातून लाळ काढली.

"फेफरं आलं रे! कांदा आणा, कांदा!"

चौघांनीही घाबरून हात काढले. एक जण तर खरंच कांद्यासाठी वाण्याच्या दुकानाकडे पळाला. पंच मात्र जागचा हलला नाही. तो खाली वाकून ह्याच्या तोंडाला कान लावून बसला होता. कारण ह्याचा दम चालू होता. ओठांतल्या ओठांत, माशी गुणगुणावी तसा. पडल्या पडल्याच हा वळला, दोनदा लोळला आणि रेघेला हात लावला. चार गडी बाद. कांद्याला गेलेला तर मैदान सोडून गेला म्हणून आणखी बोलणी खाऊन बसला. तो कांदा घेऊन परत आला तेव्हा लोक दगड शोधत होते. पेणची पोरं पेंढ्याच्या ट्रकात दडून घरी गेली असं नंतर ऐकलं.

गंमत अशी, की ज्या रोह्यानं त्याला दगड मारले त्याच रोह्यातल्या एका कंपनीनं पुढच्या वर्षी त्याला नोकरीला घेतलं. कंपनीला संघ हवा होता. हा शिफ्टमध्ये पिंपं लोटायचा आणि संध्याकाळी खेळायचा. गुडघे जाईपर्यंत खेळला. मग कंपनीच्या पोरांना शिकवू लागला, आणि निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, माझ्याकडे खोली बघायला आला. पेणला लेक होता, लेकाचं घर होतं. मी विचारलं, "लेकाकडं का नाय जात?"

"तिथं खुर्ची ठेवलीय माझ्यासाठी," तो म्हणाला. "गॅलरीत."

खोलीत यायच्या आधी त्यानं वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मला वाटलं, देवभोळा दिसतोय, भाडं वेळेवर देईल. नंतर कळलं की हा खेळाडू मैदानात उतरताना मातीला हात लावतो तशातला प्रकार आहे. तो सगळीकडे तसंच करायचा. बँकेत, एसटीत, न्हाव्याच्या दुकानात. मागे चढणारी माणसं खोळंबायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काका, काय पडलं काय?" तर हा म्हणाला, "अजून नाय."

मला त्याची धास्ती पहिल्या दिवसापासून होती. माझी भिंत आणि त्याची भिंत एकच. रोज सकाळी तो तोंड धुतलं की दम लावायचा. "कबड्डी कबड्डी कबड्डी" सुरू झालं की मी चुलीशी काम करता करता ऐकत राहायची, आणि आवाज बारीक होत गेला की माझा हात थांबायचा. बंद झाला की मी वाट बघायची. मग तिकडून मोठा श्वास ओढल्याचा आवाज यायचा आणि मी पुढची भाकरी थापायची. वर्षानुवर्षं मी अशा भाकऱ्या केल्या. प्रेम वगैरे काही नव्हतं. माझ्या खोलीत म्हातारा माणूस मरून पडला तर पोलीस, पंचनामा, लेकाची बोलणी, सगळं मला निस्तरावं लागलं असतं. पण कान लावायची सवय लागली ती लागली.

तीस सेकंदांच्या नियमावर त्याचा फार राग होता. "तीस सेकंदांत काय व्हतं मालकीण? चहा तरी निवतो का?" आता गादीवर बूट घालून खेळतात, त्याच्यावर तो म्हणायचा, "गादीवर माणूस झोपतो." टीव्हीवर सामने लागले की आवाज बंद करून बघायचा आणि चढाई करणाऱ्याबरोबर स्वतः दम लावायचा. टीव्हीतला पोरगा तिकडे जाऊन परत यायचा, ह्याचा दम चालूच.

पोरांना शिकवायला तो तयार नव्हता. "पोरं आरशात बघतात," एवढंच म्हणायचा. पोरी जमवल्या त्यानं. वरश्याच्या, शेजारच्या अष्टमी गावच्या, नदीकडच्या वाडीवरच्या दोघी. त्या दोघींचे आईबाप मजुरीवर जायचे, आणि त्या पळायला सगळ्यांत पुढे. घरोघर जाऊन बायांची समजूत घालायचा. एकीनं विचारलं, "माझ्या पोरीचा पाय मोडला म्हंजे? तिला सांभाळील कोण?"

"आमच्या मालकीण हायत ना," हा म्हणाला. मला विचारलंसुद्धा नव्हतं. ती बाई अजून रस्त्यात दिसली की मला त्या नात्यानं नमस्कार करते.

दम वाढवायला तो पोरींना रोहा-अष्टमीच्या पुलावर न्यायचा. एका दमात "कबड्डी" म्हणत चालत सुटायचं आणि दम संपेल तिथे कठड्यावर खडूनं खूण करायची. शेजारून ट्रक जात असायचे. पोरींचं लक्ष छातीत, कानात स्वतःचाच आवाज, हॉर्न ऐकू यायचा नाही. मी एकदाच बघायला गेले आणि घरी येऊन त्याला म्हटलं, "माझ्या नातीला त्या पुलावर न्यायचं नाय."

"तिची खूण सगळ्यांच्या पुढं हाय," तो म्हणाला.

"ट्रकला ती खूण दिसत नाय."

दुसऱ्या दिवशीपासून तो रस्त्याच्या बाजूनं स्वतः चालू लागला, हात पसरून, पोरींना कठड्याच्या बाजूला ठेवून. आता मला दोघांची काळजी लागली.

सायली माझ्या लेकाची पोरगी. लेक आणि सून दोघं कंपनीत, म्हणून ती माझ्याजवळच असायची. ती डाव्या कोपऱ्यात खेळायची. कोपऱ्यातल्या गड्याचं काम घोटा धरायचं. चढाई करणारा वळला की खाली झेपावून घोटा धरायचा आणि छातीशी घ्यायचा, मग तो लाथा मारो, काही करो. ह्यानं पोरींना बजावलं होतं, पकड सोडायची नाय. बाहेरच्याचं ऐकायचं नाय, बाहेर आई उभी असली तरी नाय. शिट्टी वाजली की मात्र त्याच क्षणी सोडायचं आणि आपल्या जागेवर जायचं. आणि प्रत्येक रविवारी शेवटची चढाई त्याची स्वतःची. सत्तरी उलटलेला माणूस, धोतर असतं तर खोचलं असतं, तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि सात पोरींवर चालून जायचा. पंचही तोच. शिट्टी बुटाच्या नाडीत ओवून त्याच्याच गळ्यात. रेघ शिवली तरी तोच वाजवणार, पकडला गेला तरी तोच.

ह्यातली चूक तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

एका रविवारी त्यानं सायलीच्या पकडीत असं काही सोंग केलं, की डोळ्यांत खरं पाणी आणलं. "आई गं, गुडघा गेला गो पोरी, सोड, मोडला." पोरगी घाबरली आणि तिनं सोडलं. हा लगेच लोळून रेघेवर. तिला तो एक शब्द बोलला नाही. पण पुढच्या आठवड्यात पेणला सामने होते, तिथे तिला खेळवलं नाही. दिवसभर ती गोणपाटावर बसून दुसऱ्या पोरींच्या चपला आणि बाटल्या सांभाळत होती. आमच्या पोरी हरत होत्या, तरी त्यानं तिला उठवलं नाही. घरी आल्यावर तिनं ताटाला हात लावला नाही.

मी त्याच्या दारात गेले. "पोरीला एवढं कशाला छळता? म्हातारा माणूस रडतोय म्हणून सोडलं तिनं."

"म्हणूनच," तो म्हणाला.

"उद्या खरंच तुमचा गुडघा मोडला म्हणजे?"

"तर माझा मोडंल. तिची पकड मोडायची नाय."

सायली आत सगळं ऐकत होती. त्यानंतर तिनं कोणाचाही घोटा सोडला नाही. तिच्या हनुवटीला लाथ बसून दात हलला, तरी नाही.

आणि त्याच थंडीत तो आजारी पडू लागला. आजारी म्हटलेलं त्याला चालायचं नाही. गॅस म्हणायचं. सोड्याची बाटली पिऊन ढेकर द्यायचा आणि छातीवर हात घासायचा. एकदा मागच्या पायऱ्यांवर बसलेला दिसला, कपाळावर घाम, हवेत गारवा असताना. मी विचारलं तर म्हणाला, "दम मोजतोय." भिंतीपलीकडचा सकाळचा आवाज आखूड झाला होता. दम संपल्यावर श्वास ओढायला वेळ लागत होता. माझ्या भाकऱ्या करपू लागल्या. मी पेणला त्याच्या लेकाला फोन केला. लेक आला, भांडला, डॉक्टरकडे चला म्हणाला. हा त्याला एसटीत बसवून परत आला आणि मला म्हणाला, "मालकीण, तुम्ही पंच नाय."

"खोली माझी हाय," मी म्हटलं. "मरायचं असेल तर आधी खोली खाली करा."

"रविवार झाला की बघू," तो म्हणाला.

तो रविवार आला. म्हणून मी मैदानावर गेले होते, शेंगा घेऊन. एरवी मी जात नसे. घरी बसून कान लावता येत नव्हता, म्हणून गेले.

चढाई त्यानं चांगली सुरू केली. दोनदा पाय टाकून परत ओढला, उजव्या बाजूला हूल दिली. मग वळला आणि सायलीनं घोटा धरला, आणि बाकीच्या सगळ्या जणी धावून वर पडल्या. तो पडला. "आई गं," म्हणाला. पोरी खूश झाल्या, कारण सोंगाची सुरुवात तशीच असायची. पण सोंगात त्याचा दम कधी थांबत नसे. विव्हळण्याच्या आत, खाली, दम असायचाच, नाहीतर तो बाद. त्या दिवशी त्यानंतर विव्हळणंही नव्हतं आणि दमही नव्हता. पोरींना तो ऐकू येत नव्हता, त्या धापा टाकत होत्या आणि शिट्टीची वाट बघत होत्या.

मी उठले. शेंगा सांडल्या. बाकावर एक रोहेकर म्हातारा बसला होता, त्या जुन्या सामन्यातला असावा, तो हसून म्हणाला, "बसा वहिनी. सोंगाड्याला कांदा लागत नाय."

मी चपला घालूनच मैदानात शिरले. गुडघे दुखतात म्हणून मी चालते हळू, पण तेव्हा कशी गेले मला आठवत नाही. वरच्या पोरीचा दंड ओढला, तिनं झटकला. "आजी, बाहेर!" सायलीच्या पाठीत मी गुद्दा घातला. तिनं डोळे मिटून घेतले आणि घोटा आणखी आवळला. तिला वाटलं असणार, हेही सरांनीच सांगून ठेवलंय. आजीला पाठवून बघतायत.

मग मी खाली बसले आणि त्याच्या मानेत हात घातला. मान गार आणि ओली. बुटाची नाडी सापडली, पण शिट्टी छातीखाली अडकली होती. ओढली तर नाडी त्याच्या गळ्याला काचू लागली. मी एका पोरीच्या गुडघ्याखालून हात घातला, मातीत चाचपडले, शिट्टी हाताला लागली, बाहेर ओढली, आणि वाकून, त्याच्या गालाला गाल लागेल इतकी वाकून, ती तोंडात घातली. फुंकली. आवाज नाही. आत माती भरली होती. थुंकले, पदरानं पुसली, परत फुंकली. नुसती फुस्स. मला वाटलं, आता हा गेला, आणि ही पोरगी जन्मभर हे दोन हात घेऊन जगणार. हा म्हातारा होता, त्याचं खेळून झालं होतं. मी शिट्टी परत तोंडात घातली ती तिच्यासाठी.

तिसऱ्यांदा वाजली.

सात पोरींनी एकदम हात काढले. उठल्या, मागे गेल्या, आपापल्या जागी उभ्या राहिल्या आणि शिकवल्याप्रमाणे एकमेकींचे हात धरले. सायली डाव्या कोपऱ्यात. तो मात्र उठला नाही. त्या तशाच साखळी करून उभ्या, त्याच्याकडे बघत, पुढची शिट्टी कधी होते म्हणून. मी त्याला उताणा केला. तोंड राखेसारखं झालं होतं, ओठ निळे. तेव्हा त्यांची साखळी तुटली. कोणीतरी किंचाळलं. सायली किंचाळली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

वाडीवरच्या दोघी पळत नाक्यावर गेल्या आणि मिनीडोअर रिक्षा घेऊन आल्या. ड्रायव्हर म्हणत होता, "पॅसेंजर भरलाय, पॅसेंजर भरलाय." आत बसलेली माणसं आमच्याकडे बघून न बोलता उतरली. पोरींनी त्याला उचलला. रोह्याच्या दवाखान्यात जिभेखाली गोळी ठेवली, सुई टोचली, आणि पेणला न्या म्हणून सांगितलं, तिथे हृदयाचे डॉक्टर आहेत. ॲम्बुलन्स मिळाली. मी आणि सायली आत बसलो. बाकीच्या पोरी दवाखान्याच्या दारात उभ्या राहिल्या.

नागोठण्यापर्यंत गाडी बरी गेली. वडखळला ट्रकांची रांग लागली होती, भोंगा वाजतोय आणि कोणी हलत नाही. मी त्याच्या छातीकडे बघत होते. वर जातेय, खाली जातेय. जरा थांबली की माझा श्वास थांबायचा. सायली त्याच्या पायांशी बसली होती. पाय रस्त्याच्या हादऱ्यानं हलत होते आणि तिच्या गुडघ्याला लागत होते. ती अंग चोरत होती. हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"आजी," ती म्हणाली, "मी सोडायला पायजे होतं."

"शिट्टी वाजली नव्हती."

"तुला कळलं ना? मग मला का नाय कळलं?"

"मी बाहेर होते. गप बस."

मी परत त्याच्या छातीकडे बघू लागले.

पेणला त्याला आत नेलं. रोह्याहून फोन गेला होता म्हणून लेक आधीच येऊन थांबला होता. भला माणूस, पण घाबरला होता. विचारू लागला, काय झालं, कसे पडले, खेळत होते का, ह्या वयात कशाला खेळू दिलंत. मग म्हणाला, "पडल्यावर लगेच का नाही उचललं? धरून कोणी ठेवलं होतं?"

"मी," सायली म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली.

लेक तिच्याकडे वळला. मी म्हटलं, "तुमच्या बापानं शिकवलं तसं धरलं होतं तिनं. काय बोलायचं ते त्यांना बोला, ते उठले म्हणजे."

उठले म्हणजे, असं मी म्हटलं खरं. लेक लांबच्या बाकावर जाऊन बसला. आम्ही दोघी भिंतीला टेकून. माझ्या नखांत मैदानातली माती होती. मी देवाला काही मागितलं नाही. मी हिशोब करत होते, तो गेला तर ह्या पोरीला घरी काय सांगायचं, शाळेत कोण काय बोलेल, रोह्यातले लोक कशी गोष्ट बनवतील. सोंगाड्याला पोरींनी दाबून मारला, असं म्हणतील आणि हसतील. तिला गाव सोडून आत्याकडे ठेवावं लागेल. आत्या चिडकी. दार उघडलं की सायली दचकायची. कोणीतरी नर्स निघायची आणि तिसरीकडेच जायची.

उन्हं उतरली तेव्हा डॉक्टर आले. लेकाशी बोलले. शीर बंद झाली होती, ती उघडली, असं काहीतरी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी, ते फार बोलतायत. शिट्टीवाल्या बाईंना बोलवा म्हणतात. दोन मिनिटं जा, आणि त्यांना बोलू देऊ नका."

मी सायलीला हाताला धरून आत नेलं. ती येत नव्हती, ओढत नेली. तो पडला होता, नळ्या लावलेल्या, दाढीत अजून लाल माती.

"शिट्टी कोणी वाजवली?" त्यानं विचारलं.

"मी."

"बाहेरच्या माणसानं आत यायचं नसतं, मालकीण."

"चपला घालून आले."

त्यानं डोळे मोठे केले. मग दोन श्वास घेऊन म्हणाला, "रेघ शिवली?"

"वीतभर राहिली."

"घोटा कोणाकडं?"

"माझ्याकडं, सर," सायली म्हणाली.

"दम कधी गेला माझा?"

"आजी म्हणते पडल्या पडल्या."

"मग मी बाद व्हतो ना गो?" तो चिडला. यंत्र टिकटिक करू लागलं. "बाद गड्याला कशाला धरून बसलीस? दम ऐकायचा! हात घोट्यावर आणि कान तोंडाकडं! किती वेळा सांगितलंय?"

हे त्यानं एकदाही सांगितलेलं नव्हतं. शिट्टी सांगितली होती. मी हे तिथेच सांगणार होते, पण पोरीला रडू कोसळलं. सकाळपासून पहिल्यांदा. भोकाड पसरून रडली, नर्स धावत आली. तो ओरडतोय आणि ती रडतेय, आणि नर्स आम्हाला बाहेर ढकलतेय. "उद्यापासून शिट्टी बाहेर राहील," तो मागून म्हणाला. "मालकिणीकडं नको. त्यांना वाजवता येत नाय."

लेकानं आम्हाला वरश्याला परत जायला गाडी करून दिली. जाताना तो सायलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा माझ्यावरही असेच ओरडतात." वडखळची रांग सुटली होती. घरी आल्यावर सकाळचा भात होता, वालाच्या शेंगा तर मैदानातच राहिल्या होत्या. भातावर ताक घातलं. सायलीनं दोनदा मागून घेतलं.

तो पुढे दोन पावसाळे काढून रामवाडीत लेकाच्या घरी वारला, पोटाच्या दुखण्यानं. मी मातीला गेले होते. त्या रविवारी वरश्याच्या मैदानात मात्र तो मेला नाही. तो जगला.